भोक पडलेलं पान

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसतं. काही दिवसांत ते जाडजूड हिरवी अळी होऊन कोवळा पाला फस्त करू लागतं. काडीने डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ही कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी. बहुतेक घरांत तिची गाठ फवारणीच्या बाटलीशी पडते आणि हल्ली फुलपाखरं दिसत नाहीत, अशी हळहळही त्याच घरांत ऐकू येते. यात दुष्टपणा कुणाचाच नाही. पान न् पान शाबूत ती बाग उत्तम, हा निकष आपण कधी तपासूनच पाहिलेला नाही. माझ्या मते तो चुकीचा आहे. ज्या बागेतलं एकही पान कुणी खाल्लेलं नाही, ती बाग फक्त मालकाची असते. परसात किंवा गच्चीत कोरांटी, अडुळसा, निर्गुडी, तेरडा अशी इथली रानझुडपं आणि रानफुलं लावायची ती त्यासाठी. आपल्या ताब्यातल्या मातीवर आणखी कुणाचा तरी वाटा आहे, हे मान्य करण्याचा तो सर्वात सोपा मार्ग आहे.

मुद्दा भावनेचा वाटेल, पण मुळात तो पचनाचा आहे. वनस्पती पानांत कडू, विषारी रसायनं साठवतात. ती पचवण्याची ताकद कीटकांत एकेका वनस्पतिकुळापुरती, प्रदीर्घ सहवासातून येते. २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेलं नीलवंत अंडी घालतं ते लिंबू-बेलाच्या कुळातल्या झाडांवर. प्लेन टायगरला रुई लागते, ब्लू टायगरला हरणदोडीचा वेल, पॅन्सी गटातल्या काही फुलपाखरांना कोरांटी. मादी पुढच्या पायांनी पानाची चव घेते आणि खात्री पटली तरच अंडं घालते. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडते हे खरं, पण ती मोठ्यांची खानावळ आहे, बाळंतिणीची खोली नव्हे. मधाची सोय झाली, तरी पिल्लांनी खायचं काय? हा प्रश्न पक्ष्यांपर्यंत जातो. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. वॉशिंग्टन परिसरातल्या घरांच्या बागांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या चिकडी या छोट्या पक्ष्याची संख्या टिकायची, तर बागेतल्या हिरवाईपैकी ७० टक्क्यांहून अधिक तिथल्या मूळच्या वनस्पतींची असावी लागते, असं त्यात दिसलं. तो आकडा पुण्या-नाशकाला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण पान, अळी आणि पिल्लू यांची साखळी इथेही तीच आहे.

पंचमहायज्ञांत इतर जिवांना अन्नाचा वाटा देणारा भूतयज्ञ सांगितला आहे. गोग्रास, काकबळी या रूपांत तो अजून काही घरांत दिसतो. दानाची ही वृत्ती शहरात संपलेली नाही, तिची वाट मात्र चुकली आहे. कबुतरांपुढे पोत्याने ज्वारी ओतताना देणाऱ्याला तत्काळ समाधान मिळतं, कारण घेणारा समोर दिसतो. कोरांटीचं झुडूप असं समाधान देत नाही. कोण आलं, काय खाऊन गेलं, हे कळतही नाही, पान तेवढं कुरतडलेलं सापडतं. माझ्या लेखी हे दान वरच्या दर्जाचं आहे.

आता आक्षेप. पहिला गंभीर आहे: झाडांत देशी-परदेशी करणं ही माणसांतल्या भेदाचीच पुढची पायरी नाही का? मिरची, बटाटा, दसऱ्याचा झेंडू, निशिगंध, देवळापुढचा चाफा हे सगळे अमेरिका खंडांतून आलेले. त्यांना वजा केलं तर स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही ओस पडतील. हे पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच जन्मदाखला ही कसोटी नव्हे. शिवाय ‘भारतीय’ म्हणजे ‘इथलं’ असंही नाही. हिमालयातलं झुडूप कोकणाला परकंच. विचारायचे प्रश्न दोन: या झाडावर इथल्या कुणाचं पोट भरतं का, आणि हे कुंपण ओलांडून बाहेर पसरतं का? दुसरा प्रश्न न विचारल्याची शिक्षा आपण भोगतो आहोत. घाणेरी ब्रिटिश काळात शोभेचं झुडूप म्हणून बागांत आली आणि जंगलांत पसरली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पोचली आहे. नद्या गिळणारी जलपर्णीही मूळची फुलांसाठीच आणलेली. बागेची हौस ही खासगी बाब आहे, असं म्हणणाऱ्यांनी या दोघींचा इतिहास पाहावा. झेंडूची गोष्ट वेगळी. तो खुशाल राहू दे, शेजारी अडुळशालाही जागा दिली म्हणजे झालं.

दुसरा आक्षेप उत्साही मंडळींच्या वागण्यातून उभा राहतो, आणि तो मला जास्त सतावतो. रानफुलांची आवड लागली की हात आधी डोंगराकडे जातो. कासच्या सड्यावरची सीतेची आसवं जगतात ती कातळावरच्या पातळ, पाण्याने झिरपणाऱ्या थरात. किडे पकडून ती पोषणाची भर घालतात. ती कुंडीत जगणार नाहीत. ती उपटून आणणं ही हौस नाही, चोरी आहे. कोरांटी, अडुळसा, निर्गुडी छाटापासून लागतात, तेरडा बियांपासून. मूठभर बिया कुणाकडूनही मिळतात. गणपतीला वाहायच्या पत्रीलाही हाच न्याय लावावा. आघाडा, रुई, धोतरा, शमी, डोरली, माका अशी आपल्या आसपासच्या रानाची ओळख त्या यादीत आहे. आज मात्र बाजारातल्या जुडीसाठी टेकड्या ओरबाडल्या जातात आणि जुडीत बऱ्याचदा भलताच पाला निघतो. एवढी पानं दरवर्षी वाहायची असतील, तर त्यातली चार-दोन झाडं लावण्याची जबाबदारीही वाहणाऱ्याचीच.

एका कुंडीने काय होणार, या आक्षेपाला कढीपत्त्यावरची अळीच उत्तर आहे. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतलं रोपही फुलपाखराची मादी हुडकून काढते. झुडपात साप येईल ही भीती मात्र थट्टेवारी नेऊ नये. दाट झुडूप दारालगत नको, अंतरावर हवं. गबाळेपणाची तक्रार त्यामानाने किरकोळ आहे, कारण करवंदाचं, निर्गुडीचं कुंपणही छाटून नीट राखता येतं. खरी अडचण कागदावर आहे. सोसायटीच्या बागेचं कंत्राट हिरवळीच्या गालिच्याचं असतं, त्यात नियमित फवारणीचं कलम असतं आणि कुरतडलेलं पान दिसलं की माळ्याची खरडपट्टी निघते. वार्षिक सभेत ते कलम वगळण्याचा ठराव कुणीही मांडू शकतो. पार्किंगचा वाद लवकर मिटला, तर तो चर्चेलाही येईल.