फाटकावरची वही

राहुरी तालुक्यात, नगर-मनमाड रस्त्याला लागून एका माणसाची रोपवाटिका होती. आसपासचे सगळे त्याला तात्या म्हणत. महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळच, त्यामुळे विद्यापीठानं काढलेली वाणं तात्यांकडे लवकर यायची. डाळिंबाचा भगवा असायचा, कागदी लिंबातली साई शरबती असायची. मुळा धरणाच्या पाण्यानं रोपं जोमात वाढायची. पण तात्यांचं खरं भांडवल निराळं होतं. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की ते आधी पाण्याचा तांब्या पुढं करत आणि मग त्याला विचारू देत. त्याचं विचारून होईपर्यंत स्वतः बोलत नसत.

पुढं लोक गाडी काढण्याआधी फोनवर शोधायला लागले. तात्यांनी शहरातल्या एका डिझायनरला गाठून वेबसाइट करून घेतली. त्याच्या कचेरीत, मोठ्या स्क्रीनवर ती त्यांनी पाहिली आणि त्यांचा ऊर भरून आला. उघडल्या उघडल्या ट्युलिपच्या फुलांचं पानभर चित्र येई, ते सरकून दुसरं येई, मग तिसरं. वर इंग्रजीत स्वागत, खाली जागतिक दर्जाच्या सेवेची ग्वाही, मागं बासरी. राहुरीच्या रोपवाटिकेत ट्युलिप कुठून आले, हे त्या आनंदात कोणी विचारलं नाही.

चार महिने गेले. वेबसाइट पाहून एकही फोन आला नाही. डिझायनर म्हणाला, जाहिरात करा. तात्यांनी गूगलवर जाहिरात लावली. लोकांनी ती दाबली, दर दाबण्याला पैसे कापले गेले, फोन तरीही आला नाही. तात्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपल्या शेतकऱ्याला हे जमत नाही. असं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि मला त्यांचं वाईट वाटतं, कारण त्या एका वाक्यानं ते शोधच थांबवतात.

एक दिवस पाथर्डीकडचे एक म्हातारे शेतकरी जीप घेऊन आले. फाटकातच म्हणाले, "तात्या, तुमची नर्सरी घावता घावंना. दोनदा पुढं निघून गेलो."

"बाबा, वेबसाइट आहे की आपली. पत्ता आहे तिच्यावर."

"ती उघडतच न्हाय."

तात्यांची पुतणी तिथंच पिशव्या भरत होती. तिनं हात पुसले आणि बाबांचा फोन मागितला. तिघं आंब्याच्या सावलीत उभे राहिले. पांढरा पडदा. मग फुलाचा एक तुकडा. मग बासरी. सगळं चित्र उतरेपर्यंत बाबांनी तंबाखू मळून तोंडात टाकली होती. शेवटी अगदी तळाशी फोन नंबर दिसला. बाबांनी त्यावर बोट ठेवलं, काही झालं नाही. नंबर चित्रात कोरलेला होता. तो वाचून, पाठ करून, दुसरीकडं दाबावा लागणार होता.

"तात्या," बाबा म्हणाले, "तुमच्या फाटकात आलं की तुम्ही आधी पाणी देता आन् काय पायजे ते इचारू देता. ह्या फाटकात मात्र येणाऱ्याला उभं करून तुमचीच वरात दाखिवता. मला लिंबाची रोपं पायजे होती. केवढ्याला, कवा मिळतील, कुठं यायचं, येवढंच."

तात्या गप्प झाले. आपलं दुकान गिऱ्हाइकाच्या फोनवर ते पहिल्यांदाच पाहत होते.

बाबा रोपं घेऊन गेले आणि पुतणीनं एक वही काढली. ती फाटकाशी ठेवली. येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा काय विचारतो, ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, सुधारून लिहायचं नाही. फोनवर येणारे प्रश्नही त्यातच. पंधरवड्यात वही बोलायला लागली. कोणीही 'उच्च दर्जाची फळझाडे' म्हणत नव्हतं. लोक म्हणत होते, 'लिंबाचं रोप केवढ्याला', 'एकराला डाळिंब किती बसतं', 'गुटी आहे का बियाचं', 'तेल्या येणार नाही ना', 'रविवारी चालू असता का'. हेच शब्द माणसं फोनमध्ये बोलून शोधतात. ते पानावर असतील तर शोधणाऱ्या यंत्राला सापडतील, नसतील तर ते दुसऱ्याचं पान दाखवेल.

तिनं वेबसाइट नव्यानं मांडायला घेतली आणि पहिल्याच पावलाला अडली. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, डिझायनरच्या नावावर होतं. पासवर्डही त्याच्याकडेच. माणूस सरळ होता म्हणून विनंती केल्यावर त्यानं सगळं तात्यांच्या नावावर करून दिलं. तो धंदा सोडून गेला असता, किंवा नूतनीकरणाचे पैसे भरायला विसरला असता, तर पत्रकांवर आणि पिशव्यांवर छापलेलं नाव हातचं गेलं असतं. शेताचा सातबारा कोणी गवंड्याच्या नावावर करत नाही. छोट्या दुकानदारानं बाकी काही उद्यावर ढकललं तरी एवढं आजच तपासावं: डोमेन कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर, कधी संपतं.

मग मजकूर. तात्यांचं जुनं माहितीपत्रक फार चांगलं होतं, पण ते श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं. वेबसाइटवर चिकटवलं की भलतीच अक्षरं उमटायची. डिझायनरनं त्यावर सोपा उपाय केला होता, आख्ख्या पत्रकाचाच फोटो लावला होता. तो माणसाला दिसे, पण त्यातलं अक्षर न् अक्षर शोधात धरलं जाईलच याचा भरवसा नव्हता. पुतणीनं सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. दोन रात्री गेल्या.

प्रत्येक झाडाला स्वतंत्र पान दिलं आणि पानाचं नाव साधं ठेवलं: 'कागदी लिंबाची रोपे, राहुरी'. खाली वहीतल्या प्रश्नांची उत्तरं. लिंबाचं अंतर 6 बाय 6 मीटर, म्हणून एकरी सुमारे 110 रोपं. डाळिंबाचं 4.5 बाय 3 मीटर, म्हणून एकरी 300. खड्डे उन्हाळ्यात घ्यायचे, तापू द्यायचे, शेणखत घालून भरायचे, लागवड पाऊस लागल्यावर. ट्युलिप गेले. त्यांच्या जागी रोपाशेजारी तात्यांचा हात असलेला फोटो आला, उंची कळावी म्हणून. मूळ फोटो 4-5 एमबीचे होते, ते तिनं लहान करून 150 केबीच्या आत आणले. बासरी काढली. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या फुकट साधनावर पान तपासलं. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर गूगल ते चांगलं मानतं. खरी परीक्षा मात्र तिनं वेगळी घेतली. तात्यांचा जुना फोन घेऊन, रेंज जेमतेम असते त्या शेताच्या कडेला उभी राहिली आणि तिथं पान उघडेपर्यंत त्यातलं ओझं कमी करत राहिली.

पहिल्याच पडद्यावर चार गोष्टी आल्या. काय मिळतं, कुठं, किती ते किती उघडं, आणि बोट लावताच लागणारा फोन नंबर. नकाशावरची खूण शेजारच्या उसात पडली होती, ती फाटकावर आणली.

दोन ठिकाणी तात्या अडून बसले.

"भाव लिहायचा नाही. शेजारचा बघून एक रुपया कमी करील."

"तात्या, शेजारच्याला भाव आजही ठाऊक आहे. ठाऊक नाही तो पाथर्डीच्या माणसाला. त्याला भाव दिसला नाही तर तो फोनसुद्धा करत नाही." भावाखाली तारीख टाकायची, बदलला की त्याच दिवशी बदलायचा, या अटीवर तात्यांनी मान्य केलं.

दुसरं भांडण तेल्यावरून झालं. तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग. रोगट झाडाची गुटी, म्हणजे फांदीचं कलम, आणली की तो नव्या बागेत रोपाबरोबरच येतो. पुतणीला त्याचं एक पान करायचं होतं. झाडाच्या पानावरचे तेलकट डाग कसे ओळखायचे, रोपं घेताना ज्यावर गुटी बांधली तो मातृवृक्ष दाखवा असं का म्हणायचं, कोणती रोपं घेऊ नयेत. तात्या म्हणाले, "दुकानात कोणी रोगाची पाटी लावतं का? माणूस दारातूनच परत जाईल."

"तुम्ही फाटकात प्रत्येकाला हे सांगता की."

"सांगतो. तो माझ्यासमोर बसलेला असतो."

"मग जो समोर बसलेला नाही, त्याला फसू द्यायचं?"

तात्यांनी त्यावर रात्रभर विचार केला. सकाळी त्यांनी स्वतःच डाग पडलेल्या पानाचा फोटो काढून आणला.

पुढं फोन यायला लागले, एकदम नाही, एकेक करून. वांबोरीच्या कांदा बाजारात आलेला एकजण तेल्याचं पान वाचून वाकडी वाट करून आला आणि आधी मातृवृक्ष दाखवा म्हणाला. तात्यांनी दाखवले. जाताना पुतणीनं त्याला गूगलवर दोन ओळी लिहायची विनंती केली, जे वाटलं ते लिहा म्हणाली. त्यानं रोपं चांगली आहेत पण गाडी वळवायला जागा नाही असं लिहिलं. तात्यांना ते खटकलं. पुतणीनं खाली उत्तर लिहिलं की मोठी गाडी मागच्या फाटकानं घ्यावी, आणि नकाशात मागचं फाटकही दाखवलं. पैसे घेऊन पन्नास शाबासक्या लिहून देणारे लोक फोन करत, त्यांना तिनं नाही म्हटलं.

जाहिरात तात्यांनी पुन्हा केली, पण फक्त मे ते जुलै, फक्त नगर, नाशिक आणि बीड जिल्ह्यांपुरती, आणि ती दाबली की थेट लिंबाचंच पान उघडेल अशी.

पावसाच्या तोंडाला आष्टीहून एकाचा फोन आला. त्याला भगव्याची 600 रोपं लगेच हवी होती. तात्या म्हणाले, "आहेत, पण कोवळी आहेत. महिनाभर सावलीतून उन्हात आणून कणखर करावी लागतील. घाई असेल तर विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करा." फोन ठेवून त्यांनी पुतणीला हाक मारली. पानावर भगव्यापुढं 'तयार नाही, महिनाभरानं' असं लिहायला सांगितलं, आणि वर तारीख.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. माझ्या जमिनीत चुनखडी आहे, लिंबू चालेल का, असं कोणी विचारत होतं. तात्यांनी सांगितलं की आधी माती तपासून घ्या, चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असेल तर लिंबाच्या नादी लागू नका, माझी रोपं खपली नाहीत तरी चालतील. पुतणीनं वहीचं पान उलटलं आणि प्रश्न त्या माणसाच्या शब्दांत उतरवून घेतला.