थांबण्याचे कारण

माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणारी मीटरगेज गाडी पाताळपाणी स्थानकावर थांबे, तेव्हा ती का थांबली याची दोन उत्तरे डब्यात तयार असत. रेल्वेतला माणूस सांगे की, पुढे चाळीसास एक असा उतार आहे. ब्रेक तपासल्यावाचून गाडी घाटात सोडता येत नाही. शेजारी बसलेली भिल्ल म्हातारी सांगे की, येथे तंट्या मामांचे ठाणे आहे. त्यांना मुजरा केल्यावाचून गाडी पुढे गेली तर घाटात घात होतो. दोघांच्याही बोलण्यात शंकेचा लवलेश नसे आणि गाडी तर दोघांचीही एकच असे.

तंट्या भिल्लाला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूर येथे फाशी देण्यात आले. त्याचा देह पाताळपाणीजवळ रुळांच्या कडेला आणून टाकला, अशी लोकांची श्रद्धा आहे. तेथे त्याचे लहानसे मंदिर आहे. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि शाळेत विज्ञान शिकल्यावर तिला हसलोही. पण या वाटेने पायी जाऊ लागल्यापासून आम्हांला त्या दोन उत्तरांपैकी एकालाही हसवेना. जे थांबणे नाइलाजाने घडते त्याला आदर म्हणावे काय, हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही.

आमचे सात-आठ जणांचे मंडळ पावसाळा सरला की पाताळपाणी ते कालाकुंड हे अंतर पायी उतरते. लोहमार्गाने ते साधारण साडेनऊ किलोमीटर भरते. पायवाटेने थोडे अधिक. रुळांवरून चालणे हा १९८९च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि वळणावळणाच्या घाटात, बोगद्याच्या तोंडाशी, तो शुद्ध अविचारही आहे. म्हणून आम्ही गावकऱ्यांच्या वाटेने, रूळ नजरेच्या टप्प्यात ठेवून चालतो. चोरल नदीचे खोरे, सागाची दाटी, मधूनच दगडी कमानींचा पूल, आणि शेवटी कालाकुंडला पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद, एवढे सुख साठी उलटलेल्या माणसांना पुरेसे आहे.

आमच्यातील एका स्नेह्यांचे गुडघे काही वर्षांपूर्वी कुरकुरू लागले. ते मागे पडू लागले आणि आम्ही थांबू लागलो. वरवर पाहता यात काही विशेष नाही. परंतु समूहाने थांबण्याची एक रीत असते, ती नीट पाहण्यासारखी आहे. पुढचे लोक झाडाखाली बसतात, पाणी पितात, त्यांचा दम निवतो. मागचा माणूस घामाघूम होऊन पोहोचतो, आणि त्याला पाहताच सगळे उठून म्हणतात, चला. म्हणजे ज्याच्यासाठी थांबायचे त्यालाच विसावा मिळत नाही; वर उपकाराचे ओझे मात्र त्याच्याच खांद्यावर येते. एकदा हे स्नेही शांतपणे म्हणाले, “तुम्ही माझ्यासाठी थांबता, हेच मला खुपते. पुढच्या वेळी तुम्ही जा; मी नाही येत.” त्यांच्या स्वरात राग नव्हता. वीस वर्षांचा सहवास असा एका वाक्याने सुटू पाहत होता, आणि त्यावर प्रेमळ आग्रहाचा काही उपयोग नव्हता, कारण त्यांना खुपत होते ते ते प्रेमच.

मंडळातील एक जण रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी उपाय काढला तो त्यांच्या खात्याला शोभणारा होता. दर पाऊण तासाने थांबायचे. कोणी दमलेला असो वा नसो. थांबा पंधरा मिनिटांचा, आणि ती पंधरा मिनिटे शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजायची. गुडघेवाल्या स्नेह्यांनी हे ऐकून घेतले आणि विचारले, “हा नियम मी नसलो तरी लागू आहे ना?” होकार मिळाल्यावर ते यावयास कबूल झाले.

यावर आमच्यात जो वाद झाला तो आजही मिटलेला नाही. मराठीचे अध्यापन केलेल्या एका मित्रांचे म्हणणे असे की, नियमाने थांबणारा समूह आणि सिग्नलपाशी थांबलेले इंजिन यांत फरक तो काय? थांबण्यात जर ‘तुझ्यासाठी’ हा भाव उरला नाही, तर त्याचे मोल काय? कांटने १७८५च्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही. पण धंद्याला तेच हिताचे म्हणून. कांटच्या मते अशा कृतीचे बाह्य रूप कर्तव्याशी जुळते, पण तिला नैतिक मोल येत नाही, कारण ती कर्तव्यबुद्धीतून उगवलेली नाही. आमच्या मित्रांचा कौल अर्थात कांटच्या बाजूने.

आम्हांला मात्र या उदाहरणात एका माणसाची उणीव भासते. ते गिऱ्हाईक कोठे आहे? दुकानदाराच्या अंतःकरणाची झडती घेताना, फडताळाशी उभे असलेले ते पोर तत्त्वज्ञाच्या नजरेआड होते. त्याच्या मुठीत पैसे पुरते परत आले, आणि कोणाच्या दयेने नव्हे तर दुकानाच्या रीतीने आले; म्हणून ते मान वर करून घरी गेले. हेतूचे मोल करणारा विचार बहुधा देणाऱ्याच्या बाजूने चालतो. घेणाऱ्याला अनेकदा हेतू नको असतो, रीत हवी असते. दयेला परतफेड लागते, निदान कृतज्ञतेचा चेहरा तरी लागतो. रीतीला काहीच लागत नाही.

याच मार्गाचा जन्म पाहावा. इंदूरला रेल्वे यावी म्हणून १८७० साली तुकोजीराव होळकर दुसरे यांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. आमच्या जुन्या मंडळींच्या तोंडी याचे रूप ‘महाराजांनी रेल्वे दिली’ असे आहे. दिली हे खरे, आणि व्याजाने दिली हेही तितकेच खरे. व्याजाचा उल्लेख केला की काही घरांत अजूनही चेहरे पडतात. का पडावेत ते कळत नाही. व्यवहार होता म्हणून रूळ काही कमी दिवस टिकले नाहीत. उपकाराची भाषा व्यवहारावर मागाहून चढविली जाते तेव्हाच खरा खोटेपणा सुरू होतो, असे आम्हांला वाटते. गाडी ब्रेकसाठी थांबली हा दोष नव्हे. ब्रेकसाठी थांबून मुजऱ्याचे श्रेय घेणे हा दोष होईल.

नियम आणि भाव यांची सांगड घालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याकडे चालत्या माणसांनीच केला आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, ही गोष्ट आपणां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना विशेष जवळची. फौजेची रीत त्यांनी वारीत आणली. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावून पुकारा करतो आणि लाखांचा जनसमुदाय निःशब्द होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. येथे कोणाच्या कनवाळूपणावर काही सोपविलेले नाही. मागे पडलेल्याचा आवाज ऐकू येण्यासाठी शांततेची जागाच राखून ठेवली आहे. तिला कोरडी म्हणण्याचे धाडस आमचे अध्यापक मित्रही करीत नाहीत.

तरीही त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते आम्हांला घाटातच दिसले. आमचा नियम आमच्यापुरता. त्याच घाटात हातोडी आणि चाव्या खांद्यावर घेऊन रूळ तपासत जाणारा ट्रॅकमन आम्ही पाहिला आहे. सरपणाचे भारे घेतलेल्या बाया आमच्या शेजारून चढून गेल्या आहेत. आमचा ‘शेवटचा माणूस’ मोजताना त्यांच्यापैकी कोणी मोजला जात नाही. नियम ज्यांच्यासाठी केला त्यांच्यापलीकडे पाहत नाही. पाहण्यासाठी नियमाहून निराळे काही लागते, आणि त्याला नाव काय द्यावे यावर आमचे एकमत नाही.

गेल्या खेपेस गुडघेवाले स्नेही शस्त्रक्रियेमुळे आले नव्हते. पाऊण तास झाला. कोणी दमलेले नव्हते, ऊन चढत होते. आता थांबायचे कशाला, असे दोघांनी विचारले. रेल्वेवाले स्नेही काही न बोलता पिशवी खाली ठेवून बसले. मग बाकीचे बसले. घरी परतल्यावर फोनवर त्यांनी पहिला प्रश्न केला तो हाच: “थांबलात ना?”

महू ते ओंकारेश्वर रोड या टप्प्यातील मीटरगेज गाड्या २०२३च्या आरंभी बंद झाल्या. त्याआधी २०१८च्या डिसेंबरात पाताळपाणी–कालाकुंड दरम्यान पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी सुरू झाली होती, म्हणून हा जुना घाट तेवढा वाचला. ब्रॉडगेजचा मार्ग मात्र वळसा घेऊन, मंद उताराने निमाडात उतरावा असा आखला आहे. म्हणजे उद्याच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना घाटमाथ्यावर ब्रेक तपासण्यासाठी खोळंबण्याचे कारण राहीलच असे नाही. सुमारे दीडशे वर्षे एकमेकांत मिसळून गेलेली ती दोन उत्तरे तेव्हा प्रथमच वेगळी होतील.

कालाकुंडला चहा घेताना आम्ही रेल्वेवाल्या स्नेह्यांना विचारले की, नव्या मार्गावरची गाडी तंट्या मामांसाठी थांबेल काय? त्यांनी बराच विचार केला. “थांबवता येईल,” ते म्हणाले, “वेळापत्रकात दोन मिनिटे मागावी लागतील. पण अर्जात कारण लिहावे लागते.” काय कारण लिहायचे, यावर आमचा चहा निवला.