शिक्षा झाली म्हणजे सारे संपले काय?

काही महिन्यांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर एक माउली आमच्याकडे आली. तिच्या मुलाला सत्र न्यायालयाने सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली होती. आपल्या हातून गुन्हा घडला, हे मुलाने आईजवळ कबूल केले होते. वकील अपील करा म्हणत होते. माउली म्हणाली, "फादर, पोराने केलं ते केलंच. मग वरच्या कोर्टात जाणं म्हणजे देवाला फसवणं नाही का?"

तिला तेथल्या तेथे उत्तर देणे आम्हाला जमले नाही. प्रश्न साधा नव्हता, आणि तो तिचा एकटीचाही नव्हता.

पाप आणि गुन्हा या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. पापाची कबुली मनुष्य देवापुढे देतो. तेथे पुराव्याचा प्रश्न नसतो. न्यायालय मात्र अंतःकरणात डोकावू शकत नाही. पुरावा पुरेसा होता काय, लावलेले कलम योग्य होते काय, शिक्षा अपराधाच्या प्रमाणात आहे काय, एवढेच ते पाहते. वरच्या न्यायालयाने हे पुन्हा तपासावे, अशी विनंती म्हणजे अपील. गुन्हा न नाकारता केवळ शिक्षा कमी करण्याची विनंतीही करता येते. खोटी शपथ घेणे, साक्षीदार विकत घेणे हे पाप आहे. दाद मागणे पाप नव्हे.

हा हक्क कागदावर राहू नये म्हणून कायद्याने काही सोयी केल्या आहेत. शिक्षा झालेल्यास निकालपत्राची प्रत ताबडतोब व विनामूल्य मिळाली पाहिजे. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास साठ दिवसांची मुदत असते. फाशीच्या शिक्षेत ती तीस दिवसांची आहे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. तुरुंगातील कैद्याला तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील पाठविता येते. अपिलाचा निर्णय होईपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी या सोयी कायम आहेत. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यान्वये कोठडीतील व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो.

१९७८ साली महाराष्ट्रातील एका कैद्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. निकालाची प्रत हाती न पडल्याने चार वर्षांहून अधिक उशीर झाला, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला. पण त्याच निकालात, कैद्याला वेळेवर प्रत आणि गरजूला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असे बजावले. अर्जदार दोषीच ठरला, तरी त्याचे हक्क शाबूत राहिले. हे आम्हास फार मोलाचे वाटते.

आणि जे दोषी नसतात त्यांचे काय? जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा, अत्याचार व हत्येचे भीषण संकट कोसळले. त्या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा गरीब माणसे पकडली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, असे सिद्ध झाले. अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निकाल बदलून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. फेरविचाराचे दार बंद असते, तर भरपाई घ्यायला कोण उरले असते?

मात्र त्या उद्ध्वस्त कुटुंबालाही आपण विसरता कामा नये. भलत्यांना शिक्षा झाल्याने त्यांनाही न्याय मिळाला नाही. आरोपी सुटल्यास किंवा भरपाई अपुरी वाटल्यास पीडितालाही अपील करण्याचा हक्क २००९ च्या अखेरीपासून आहे. दाद मागण्याचा मार्ग दोघांनाही मोकळा असावा, यातच न्यायाची शोभा आहे.

संत पौलाने फेस्तापुढे कैसराकडे दाद मागितली, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. मरणदंडास पात्र असे काही आपण केले असेल, तर मरण टाळण्याची आपली इच्छा नाही, हेही त्याने त्याच वेळी सांगितले. शिक्षा भोगण्याची तयारी आणि न्याय मागण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात नांदू शकतात.

पुढच्या रविवारी आम्ही त्या माउलीला एवढेच सांगितले, "मुलाला म्हणावं, खोटं बोलू नकोस, पण मुदत चुकवू नकोस." अपील दाखल झाले आहे, ते शिक्षेच्या प्रमाणापुरतेच. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. तोवर ती मिस्सेला येते आणि शेवटच्या बाकावर एकटीच बसते. शिक्षा तिच्या मुलाला झाली आहे, तिला नव्हे. तिच्या शेजारी जाऊन बसायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.