निसटणाऱ्याचा धर्म

पळपुटेपणा आणि चपळाई हे दोन शब्द कानाला जितके दूरचे वाटतात तितके ते व्यवहारांत दूर नसतात. आपल्या पक्षाचा माणूस शत्रूच्या हातून निसटला म्हणजे आपण त्याच्या युक्तीची तारीफ करतों. शत्रूचा माणूस तसाच निसटला म्हणजे त्याला भ्याड म्हणावयास आपली जीभ कचरत नाहीं. मग या दोहोंतील भेद नुसत्या पक्षपातावर उभा आहे, कीं नीतीच्या दृष्टीनें त्याला कांहीं खरा आधार आहे? प्रश्न तसा जुनाच आहे. परंतु माझ्यापुढें तो उभा राहिला तो ग्रंथ वाचतांना नव्हे, तर माझ्या भाच्याच्या टेबलावरील संगणकाच्या पडद्याकडे पाहतांना.

ज्यांच्या घरीं तरुण मुलें आहेत त्या वाचकांना ‘ओव्हरवॉच’ हें नांव अपरिचित नसेल. इतरांसाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड या कंपनीनें हा खेळ २०१६ सालच्या मे महिन्यांत प्रसिद्ध केला. त्या वेळीं दोन्ही पक्षांत ६–६ गडी असत. २०२२ सालीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीनें ही संख्या ५ वर आणली. गडी आपापल्या घरीं बसून खेळतात, एकमेकांशीं कानावरील यंत्रांतून बोलतात, आणि प्रत्येकजण एकेका वीराची भूमिका घेतो. कोणी ढाल धरणारा, कोणी जखमा भरून काढणारा, कोणी प्रहार करणारा. डावाच्या एका प्रकारांत एक गाडा ठराविक मुक्कामापर्यंत न्यावयाचा असतो. गाड्याजवळ आपला गडी उभा असेल तरच तो पुढें सरकतो, आणि शत्रूचा गडी जवळ येऊन ठाकला कीं जागच्या जागीं थांबतो. मारला गेलेला गडी कांहीं सेकंदांनीं पुन्हां जिवंत होतो खरा, पण त्याला आपल्या ठाण्यापासून सगळी वाट पुन्हां तुडवावी लागते.

या वीरांत ‘ट्रेसर’ नांवाची एक तरुणी आहे. माझा भाचा नेहमीं तीच भूमिका घेतो. २०१६ सालच्या हिशेबानें ढाल धरणाऱ्या राईनहार्ट या धिप्पाड जर्मन योद्ध्याची जीवनशक्ति ५०० होती, तर हिची अवघी १५०. दोन बरे नेम लागले कीं ती संपली. परंतु नेम लागावयास ती एका जागीं असली पाहिजे ना! डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच ती येथून तेथें झेप घेते. अशा ३ झेपा तिच्या गांठीं असतात, आणि खर्च झालेली एकेक झेप ३ सेकंदांनीं परत मिळते. शिवाय तिची आणखी एक विद्या आहे. घाव वर्मीं लागत आहेत असें दिसतांच ती काळांत ३ सेकंद मागें जाते; म्हणजे ३ सेकंदांपूर्वीं जेथें होती तेथें, आणि जशी होती तशी, पुन्हां प्रकट होते. शत्रूच्या पिछाडीस शिरावें, त्याला डंख करावा आणि तो वळून पाहतो तों नाहींसें व्हावें, हा तिचा युद्धधर्म.

एके संध्याकाळीं भाचा व त्याचे सोबती एक डाव हरले. भाच्यानें समाधानानें सांगितलें, कीं सबंध डावांत आपण फक्त एकदां मेलों. तिकडून एक सोबती चिडून म्हणाला, “तूं मरत नव्हतास म्हणूनच आम्ही मरत होतों.” भाचा क्षणभर गप्प बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, न मरणें हा काय गुन्हा झाला?”

मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, आणि तें न सुचल्याबद्दल खेदही वाटला नाहीं. कारण या प्रश्नाशीं साक्षात् सॉक्रेटिसाला झगडावें लागलें होतें. प्लेटोच्या ‘लॅकीझ’ नामक संवादांत त्या नांवाचा अथेन्सचा सेनापति शौर्याची व्याख्या मोठ्या आत्मविश्वासानें करतो: जो आपल्या रांगेंत ठाम उभा राहतो, शत्रूस तोंड देतो व पळत नाहीं, तो शूर. सॉक्रेटिस त्याला विचारतो, कीं सिथियन घोडेस्वार पाठलाग करतांना जसे लढतात तसेच पळतांनाही लढतात, त्यांची वाट काय? आणि प्लाटिआच्या लढाईंत प्रत्यक्ष स्पार्टन लोक पर्शियनांच्या ढालींपुढून मागें हटले व शत्रूची रांग मोडतांच उलट फिरून विजयी झाले, ते का भ्याड होते? लॅकीझला आपली व्याख्या सोडावी लागते. म्हणजे पाय जागच्या जागीं रोवून धरणें हें शौर्याचें एक रूप असेल, शौर्याचा आत्मा नव्हे. एवढ्यापुरता माझा भाचा निर्दोष ठरतो.

किंबहुना निसटण्यालाही स्वतःची उपयुक्तता आहे. ट्रेसर पिछाडीस शिरली कीं शत्रूचे दोघेतिघे तिला हुडकण्यासाठीं मागें वळतात, आणि तितका समोरच्या ढालकऱ्यावरील भार हलका होतो. ती आघाडीस येऊन त्याच्या शेजारीं उभी राहिली तर आपलें १५० चें भांडवल दोन क्षणांत घालवून बसेल. सोबती मरत आहेत म्हणून आपणही मरावें, यांत औदार्याचा भास आहे, पण त्याचा उपयोग कोणालाच नाहीं. चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या अभिमन्यूला होती, बाहेर पडण्याची नव्हती. पाठोपाठ येऊं म्हणणाऱ्यांना जयद्रथानें दारांतच अडविलें, आणि तो कोवळा वीर एकटा सांपडला. त्याच्या मरणानें आपले डोळे आजही ओले होतात. परंतु बाहेर पडण्याची वाट त्याला ठाऊक असती तर त्याचें तेज उणें झालें असतें असें कोण म्हणेल?

तेव्हां निसटणें स्वतः दोषास्पद नाहीं. मग सोबत्याच्या त्या चिडलेल्या वाक्यांत आपल्याला जें खरें वाटतें तें काय? मला वाटतें तें हें: चुकविलेला वार प्रत्येक वेळीं हवेंत विरून जातो असें नाहीं, पुष्कळदां तो दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाऊन पडतो. आपण निसटलों एवढेंच निसटणाऱ्याला दिसतें. आपल्या मागें कोण उभा होता हें पाहावयास तो तेथें असतच नाहीं! म्हणून पळपुटेपणा आणि चपळाई यांतला भेद पावलांवरून ठरत नाहीं. चुकविलेला वार कोठें गेला हें विचारलें पाहिजे.

ही कसोटी लावून जुन्या कथा पाहिल्या म्हणजे त्या नव्यानें उलगडूं लागतात. श्रीकृष्णाला रणछोड म्हणतात, आणि गुजराथेंत डाकोर येथें याच नांवानें त्याची पूजा होते. रण सोडणाऱ्याची पूजा लोकांनीं कां करावी? भागवतांतील कथेचा क्रम पाहावा. जरासंधाच्या स्वाऱ्या पुनःपुन्हां होत होत्या, त्यांत कालयवन चालून आला. तेव्हां श्रीकृष्णानें प्रथम द्वारका वसविली, मथुरेचे लोक तेथें सुखरूप पोंचविले, आणि मग तो कालयवनासमोर निःशस्त्र येऊन पळूं लागला. क्रम उलटा असता तर, म्हणजे देव आधीं पळाला असता आणि नगर मागें राहिलें असतें तर, डाकोरचें देऊळ उभें राहिलें नसतें. सॉक्रेटिसाचें स्वतःचें उदाहरणही असेंच आहे. ख्रिस्तपूर्व ४२४ सालीं डेलिअम येथें अथेन्सच्या सैन्याची दाणादाण उडाली. तेव्हां सॉक्रेटिस मागें हटला, पण इतक्या शांतपणें कीं कोणी त्याच्या वाटेस गेलें नाहीं. त्या माघारींत तो एकटा नव्हता. बरोबर लॅकीझ होता, आणि तोही सुखरूप परतला.

यावर कोणी म्हणेल, कीं निसटणाऱ्याला सर्वांनाच बरोबर नेणें नेहमीं कोठें शक्य असतें? नसतें; आणि आपल्या इतिहासांतील अत्यंत हृदयस्पर्शी प्रसंग नेमका असाच आहे. १६६० सालच्या जुलै महिन्यांत शिवाजीमहाराज पन्हाळ्याच्या वेढ्यांतून निसटून विशाळगडाकडे गेले, तेव्हां घोडखिंडींत बाजीप्रभु मागें राहिले. महाराजांचें निसटणें आणि बाजींचें उभें राहणें या दोन वेगळ्या घटना नव्हत. ती एकच घटना होती. तेथें चुकलेला वार दुसऱ्यानें झेलला, हें कोणी नाकारूं शकत नाहीं. परंतु तो झेलणाऱ्यानें जाणून झेलला, दोघांना सारख्याच प्रिय असलेल्या कार्यासाठीं झेलला, आणि ज्याच्यासाठीं झेलला त्यानें पुढचें आयुष्य त्या ऋणाला शोभेल असें घालविलें. या तीन गोष्टी नसत्या, तर त्या खिंडीला आपण पावनखिंड म्हटलें नसतें. मागें राहणाऱ्याला न विचारतां, त्याला दिसूंही न देतां, त्याच्या जिवावर निसटणें आणि मग आपल्या चपळाईचा हिशेब सांगणें, ही गोष्ट मात्र निराळी. भाच्याचा ‘फक्त एकदां मेलों’ हा हिशेब त्या सोबत्याला इतका झोंबला याचें कारण मला येथें सांपडलें.

खेळांतल्या गोष्टीवर एवढें नीतिशास्त्र लादणें हास्यास्पद आहे, असा आक्षेप येईल. पण खेळाचा एक गुण आहे. तेथें कोणाच्या पोटाचा प्रश्न नसतो, अब्रूचा नसतो. त्यामुळें माणसाची संवय उघडी पडते. व्यवहारांत आपण निसटतों तेव्हां आपल्याजवळ कारणें तयार असतात, आणि तीं बहुधा खरींही असतात. तींच आपल्याला फसवितात.

येथें स्वतःविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. शिक्षणाच्या व पुढें नोकरीच्या निमित्तानें मी एका शहरांतून दुसऱ्या शहरांत जात राहिलों. दादा गांवींच राहिला. वडील अंथरुणाला खिळले तेव्हां सलग ४ वर्षें तो त्यांच्या उशाशीं होता. मी येत असें, दोन दिवस राहत असें, औषधांची बारकाईनें चौकशी करीत असें आणि रात्रीच्या गाडीनें परतत असें. माझ्याकडून एकही वाईट कृत्य घडलें नाहीं, एकही कटु शब्द गेला नाहीं. जेथें वार पडत होते तेथें मी नसें, एवढेंच. एकदां चहाचा पेला पुढें करतांना वहिनी सहज म्हणाल्या, “भावोजी, तुम्हांला बाई छान जमतें.” ती मला त्या वेळीं स्तुति वाटली होती! त्या वाक्याचा अर्थ कळावयास मला भाच्याच्या सोबत्याचें बोलणें ऐकावें लागलें.

मग चपळ माणसानें करावें तरी काय? त्यानें ढालकरी व्हावें असें मी म्हणत नाहीं. प्रत्येकाची प्रकृति भिन्न, आणि कुटुंबालाही बाहेर पडून मिळविणारा माणूस लागतो. याचें उत्तर मला पुन्हां त्या खेळांतच मिळालें. वेळ संपत आली कीं हल्ला करणाऱ्या पक्षाचा एक तरी गडी गाड्याजवळ पोंचावा लागतो. तो तेथें टिकून आहे तोंवर डाव संपत नाहीं. अशा वेळीं ढालकरी ठाण्यापासून जड पावलांनीं येत असतो, त्याला वेळेवर पोंचणें शक्य नसतें. ट्रेसरला तें शक्य असतें. ज्या ३ झेपा तिला संकटांतून दूर नेतात त्याच तिला संकटाजवळ सर्वांच्या आधीं आणूंही शकतात. झेपांना दिशा नसते. दिशा माणसानें द्यावयाची असते. ज्याला लवकर निघतां येतें त्यानें लवकर पोंचलें पाहिजे, हा निसटणाऱ्याचा धर्म.

खेळ रचणाऱ्यांनीं ट्रेसरची जी कथा सांगितली आहे तीही येथें आठवते. ती लंडनची लीना ऑक्स्टन, एक धाडसी वैमानिक. एका नव्या विमानाच्या पहिल्याच उड्डाणांत अपघात होऊन ती काळाच्या प्रवाहांतून सुटली. ती तासन्‌तास, दिवसचे दिवस नाहींशी होई. वर्तमानांत टिकून राहणेंच तिला अशक्य झालें. शेवटीं विन्स्टन नांवाच्या शास्त्रज्ञ मित्रानें एक यंत्र करून तिच्या छातीवर बांधलें, तेव्हां ती स्थिर झाली. म्हणजे जिची चपळाई आपण वाखाणतों, ती दुसऱ्या कोणीतरी बांधून दिलेल्या दोरीच्या जोरावर हिंडत असते. गांवीं दादाचें घर होतें म्हणून तर मी निर्धास्तपणें शहरें बदलीत होतों.

हें सारें भाच्याला सांगण्याइतका धीर मला त्या संध्याकाळीं झाला नाहीं. मीं इतकेंच म्हटलें, “न मरणें हा गुन्हा नाहीं, पण तूं वांचलास तेव्हां गाड्यापाशीं कोण होतें, तें एकदां विचार.” त्यानें मान हलविली आणि पुढचा डाव मांडला.

ट्रेसरलासुद्धां काळांत तीनच सेकंद मागें जातां येतें. तीं ४ वर्षें मला कोणत्याही विद्येनें परत मिळणार नाहींत. वडील गेले. दादाचे गुडघे आतां दुखूं लागले आहेत, आणि येत्या महिन्यांत त्याच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. गांवीं जाण्याचें तिकीट मीं काढलें आहे. परतीचें काढलेलें नाहीं.