कैलासपूरचं दान

रायपूरहून सकाळी निघालेली सहलीची गाडी आरंग मागे टाकते, महानदी ओलांडते आणि सुमारे 80 किलोमीटरवरच्या सिरपूरला पोहोचते. लक्ष्मण मंदिर, सुरंग टीला, आनंदप्रभू कुटी विहार, तीवरदेव विहार अशी फेरी होते आणि या फेरीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: इथे शैव, वैष्णव, बौद्ध, जैन सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते. समरकंद-बुखाऱ्याच्या सहलींतही असंच काहीतरी सांगितलं जातं. तिथे नावं तेवढी वेगळी असतात; अग्निपूजक, बौद्ध, मानीपंथी, ख्रिस्ती. ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि तो पुढच्या अवशेषाकडे वळतो.

खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. समोरच्याचं दर्शन चुकीचं आहे असं मानणारा माणूस त्याच दर्शनाच्या मठाला आख्खं गाव लावून देतो, तेव्हा तो नेमकं काय करत असतो?

समरकंद आणि सिरपूर ही दोन नावं एका श्वासात घ्यायला एक भक्कम कारण आहे. ते म्हणजे ह्युएन त्संग. सातव्या शतकात चीनहून निघालेला हा भिक्षू तुर्फान, कुचा, समरकंद, तिर्मिझ, बाल्ख, बामियान अशी व्यापारी वाटेवरची शहरं पार करत भारतात आला आणि 645 साली शेकडो ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. मधल्या काळात तो दक्षिण कोसलात, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या प्रदेशात आला. इथे सुमारे 100 विहार, जवळपास 10,000 महायानी भिक्षू आणि 70च्या आसपास देवळं असल्याची नोंद त्यानं करून ठेवली आहे. त्यानं पाहिलेली राजधानी कोणती यावर बराच वाद झाला. कनिंगहॅमनं चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे बोट दाखवलं होतं; पुढे अनेक अभ्यासकांचा कौल सिरपूरकडे झुकला.

या भिक्षूच्या चरित्रात समरकंदचा एक प्रसंग आहे. शहरात दोन विहार होते, पण त्यांत भिक्षू उरले नव्हते. ह्युएन त्संगच्या सोबतचे दोन तरुण भिक्षू तिथे वंदनाला गेले, तर लोकांनी पेटती लाकडं घेऊन त्यांना पिटाळून लावलं. राजानं आधी या परदेशी पाहुण्याची फारशी कदर केली नव्हती, पण एव्हाना त्याच्या प्रवचनानं त्याचं मन वळलं होतं. त्यानं दोषींचे हात तोडण्याची शिक्षा फर्मावली. ह्युएन त्संगनं रदबदली केली, म्हणून फटक्यांवर आणि शहराबाहेर हाकलण्यावर निभावलं. हे चरित्र शिष्यानं लिहिलेलं, तेव्हा गुरूचा मोठेपणा त्यात उजळून निघणारच. तरी पेटत्या लाकडांचा तपशील काढून टाकता येत नाही.

म्हणूनच व्यापारामुळे माणसं उदार होतात, हे सहलीतलं आवडतं स्पष्टीकरण पुरेसं वाटत नाही. समरकंदइतकं व्यापारी शहर त्या काळात क्वचितच असेल. तिथले सोग्दियन व्यापारी चीनपर्यंत पसरले होते. त्यांच्याबरोबर देवांचीही रूपं फिरत होती. समरकंदच्या पूर्वेला, आजच्या ताजिकिस्तानातल्या पेंजिकेंतच्या भित्तिचित्रांत तीन मुखांचा वेशपारकर नावाचा देव सापडला आहे आणि त्याच्या रूपावर शिवाची छाप स्पष्ट आहे. म्हणजे शिवाचं रूप तिथवर पोहोचलं होतं आणि भिक्षूंवर मात्र पेटती लाकडं उगारली जात होती. पेठेत देवाचं रूप उचललं जातं, मालाची देवघेव होते, पण शेजाऱ्याच्या श्रद्धेशी कसं वागायचं हे पेठ ठरवून देत नाही.

सिरपूरही पेठेचं गाव होतं. नदीकाठच्या उत्खननात बाजारपेठेचे अवशेष निघाले आहेत. त्याआधी, 1953 ते 1956 या काळात, डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथे खोदकाम केलं. मराठी वाचकांना कौंडिण्यपूरच्या उत्खननामुळे माहीत असलेले हेच दीक्षित. त्यांना इथे विहार सापडले, भूमिस्पर्श मुद्रेतला भव्य बुद्ध सापडला आणि चीनचं एक नाणंही सापडलं. आनंदप्रभू नावाच्या भिक्षूनं विहार बांधून भिक्षूंसाठी अन्नसत्राची सोय केल्याचा शिलालेखही याच खोदकामातला.

पण प्रश्नाच्या मुळाशी नेणारी वस्तू सिरपुरात सापडलेली नाही. ती आहे बिलासपूर जिल्ह्यातल्या मल्हारचा ताम्रपट. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी आणि छत्तीसगडचे पंडित लोचनप्रसाद पांडेय यांनी तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला. दान देणारा राजा महाशिवगुप्त बालार्जुन. तो स्वतःला परममाहेश्वर म्हणवतो, म्हणजे कट्टर शिवभक्त. त्याची आई वासटा हिनं पती हर्षगुप्ताच्या पश्चात विष्णूचं देऊळ उभारलं. सिरपूरचं विटांचं लक्ष्मण मंदिर ते हेच. ताम्रपटात मामा भास्करवर्मा विनंती करतो आणि त्यानुसार राजा तरडंशक इथल्या एका छोट्या विहाराच्या भिक्षुसंघाला गाव देतो. तो विहार बांधला होता कोरदेव नावाच्या गृहस्थाची पत्नी अलका हिनं. दानाचा मुहूर्त आषाढ अमावास्येचं सूर्यग्रहण. आणि दिलेल्या गावाचं नाव कैलासपूर.

हे तपशील नीट लावून पाहावेत. ग्रहणकाळी दान देणं ही पुराणांची, ब्राह्मणी परंपरेची रीत. राजानं मुहूर्त आपल्या धर्माचा निवडला, गाव दिलं तेही शिवाच्या पर्वताचं नाव असलेलं आणि घेणारे होते ईश्वर न मानणारे भिक्षू. यात त्यानं आपलं शैवपण लपवलेलं नाही, की भिक्षूंना थोडं शैव व्हायला लावलेलं नाही. आई वैष्णव, मुलगा शैव, मामा बौद्धांसाठी शब्द टाकणारा, असं हे घर आहे.

मग या सगळ्यांना सर्व मार्ग सारखेच वाटत होते का? तसं म्हणायला जागा नाही. ज्याला सामान्यपणे सातव्या शतकात ठेवलं जातं तो मीमांसक कुमारिल भट्ट बौद्ध ग्रंथांतल्या अहिंसेसारख्या चांगल्या वचनांनाही कुत्र्याच्या कातड्याच्या पिशवीतल्या दुधाची उपमा देतो. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती वेदप्रामाण्यावर तितकाच कठोर प्रहार करतो. खुद्द ह्युएन त्संगही देवळांत जाणाऱ्यांची गणती पाखंडी म्हणूनच करतो. वाद जीव तोडून चालले होते आणि त्याच काळात गावंही दिली जात होती.

राजकारण म्हणून हे दान समजावून सांगता येतं आणि त्यात तथ्यही आहे. कनिष्काच्या नाण्यांवर बुद्ध, त्रिशूळधारी ओएशो, नना, मिहिर असे निरनिराळ्या लोकांचे देव येतात. मोठ्या साम्राज्याला हे सोयीचं होतं. पण एका आडगावच्या, एका बाईनं बांधलेल्या छोट्या विहाराला गाव देऊन राजाचं कोणतं मोठं गणित साधणार होतं?

उत्तर दानाच्या कल्पनेतच शोधावं लागतं. धर्मशास्त्र दानाचं फळ ठरवताना देश, काळ, श्रद्धा आणि पात्र पाहतं. बौद्ध परंपराही संघाला पुण्याचं शेत म्हणते. दोन्हीकडे प्रश्न विचारला जातो तो घेणाऱ्याच्या शीलाचा: हा संयमानं जगतो का, साठवून ठेवतो का, अभ्यास करतो का? त्याचा सिद्धान्त खरा की खोटा, हा प्रश्न वादसभेत सोडवायचा. सत्य आणि पात्रता या दोन गोष्टींचा निवाडा दोन वेगळ्या ठिकाणी होऊ शकतो, हे बालार्जुनाच्या ताम्रपटातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपण आज त्या एकात कालवतो. दुसऱ्याचा आदर करायचा तर आधी सगळे धर्म एकच सांगतात असं म्हणून टाकतो. आणि ते एकच सांगत नाहीत असं लक्षात आलं, की आदरही आटतो.

महाराष्ट्राला हे नवं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, अद्वितीय ब्राह्मण म्हणून कौतुक कोरवून घेते. लेख कशाचा? भद्रयानीय भिक्षूंना लेणं दिल्याचा. तिला त्यात विसंगती दिसली नाही, भिक्षूंनाही दिसली नसावी, कारण तेच त्या भिंतीखाली राहत होते.

मात्र या दानात एक तिसरा पक्ष आहे आणि सहलीत त्याच्याबद्दल कधीच कोणी बोलत नाही. राजा गाव देतो म्हणजे गावाचा महसूल देतो. अशा ताम्रपटांत रहिवाशांना बजावलेलं असतं, की यापुढे तुमचा भाग आणि भोग हा महसूल दान घेणाऱ्यांकडे पोहोचता करा. कैलासपूरच्या शेतकऱ्यानं पिकवलेलं धान्य आता विहारात जाणार होतं. पुण्य राजाचं, त्याच्या आईवडिलांचं; नांगर त्या शेतकऱ्याचा. तो शिवाला मानत होता, बुद्धाला, की गावाच्या वेशीवरच्या एखाद्या देवीला, हे ताम्रपट सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलंच नव्हतं. आणि पात्रता शीलावरून ठरवायची असेल, तर ज्याच्या घामातून दान उभं राहिलं त्याचाही निवाडा त्याच कसोटीनं व्हायला हवा. धर्मशास्त्रांनी देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नियम बारकाईनं लिहिले. पिकवणाऱ्याच्या वाट्याला या पुण्यातलं काय येतं, याचा हिशेब सिरपूरच्या विटांसमोर उभं राहून आजही मांडायचा बाकी आहे आणि तो मांडल्याशिवाय ‘सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते’ या वाक्यातल्या ‘सगळे’मध्ये कोण कोण येतं ते सांगता येणार नाही.