पहारा विण्याचा आणि चुलीचा



अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हाती आली की आपण काय पाहतो? पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनकारांची नावे ठळक, अन्नदात्यांची त्याखाली. भाकरी थापणारीचे नाव तिथे नसते. नसू दे, नावासाठी कोणी चुलीपुढे बसत नाही. प्रश्न वेगळाच आहे. सात दिवस जी चुलीपुढे बसली, तिला सप्ताह घडला की नाही?

आपले उत्तर तयार असते, ‘सेवा हीच भक्ती. तिला तर आपल्याहून जास्त घडला.’ सिद्धान्त खोटा नाही. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला. तेरच्या गोरोबाकाकांचे नाम चिखल तुडवताना चालत होते. काम आणि नाम यांत आपल्या संतांनी भिंत घातली नाही.

पण सिद्धान्त कोणाच्या तोंडून येतो, हेही पाहावे. चुलीपुढची माउली म्हणाली, ‘मला इथेच विठ्ठल भेटतो,’ तर तो तिचा अनुभव. सतरंजीवर टेकून बसलेल्याने तेच तिला सांगितले, तर ती त्याची सोय. शब्द तेच, पण एकाने ते जगून मिळवले, दुसऱ्याने उठावे लागू नये म्हणून वापरले.

जनाबाईंची कथा आपण सारे सांगतो. नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करणारी ती जनी. पांडुरंग तिच्याकडे आला, तेव्हा त्याने काय केले? ‘जने, दळण हीच तुझी भक्ती’ असे राउळातून सांगून पाठवले नाही. तो जात्यापाशी बसला आणि त्याने खुंट्याला हात घातला. कथेतले मर्म इथे आहे. देवाने सेवेचे कौतुक केले नाही, सेवा वाटून घेतली.

आता विण्याकडे पाहा. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवसांचे १६८ तास. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे. गावकरी ते वाटून घेतात. मध्यरात्रीचा पहारा कोणाचा, पहाटेचा कोणाचा, हे आधी ठरते. ‘तूच सात दिवस उभा राहा, तुझे पुण्य मोठे’ असे आपण एका विणेकऱ्याला कधी म्हणतो का? मग चुलीला पहारा का नसावा? तीही सात दिवस विझत नाही.

कोणी म्हणेल, महाराज, शेकडो माणसांची पंगत असते. सवयीचाच हात लागतो. खरे आहे. आमटीची कढई नवख्याने उतरवू नये. पण भाकरी थापता येत नाही त्याला पीठ चाळता येते, पाणी आणता येते, परात घासता येते. कोणी म्हणेल, कर्ण्यावरून कीर्तन चुलीपर्यंत ऐकू येतेच. येते, पण तव्याकडे लक्ष ठेवून ऐकणे आणि मांडी घालून ऐकणे यात अंतर आहे, हे ऐकणाऱ्यालाच ठाऊक. आणि एखादी माउली म्हणेल, ‘मला इथेच बरे वाटते.’ तर तिला उठवू नये. मात्र तिला उठायची मोकळीक होती, हे आधी पक्के असावे.

सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात गावोगावच्या घरांतून भाकरी येतात आणि सप्ताहस्थळी कढईत आमटी शिजते. एवढा मोठा समुदाय जेवतो, कारण भाकरीचा भार एका चुलीवर नसतो. जे गावागावांत वाटता येते, ते एका गावात घराघरांत वाटता येणार नाही का?

शेवटच्या दिवशी आपण काला करतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कोणाची कोणती हे उरले नाही, तो काला. ज्या अन्नात कष्ट काहींचे आणि श्रवण दुसऱ्यांचे, त्यात दही-लाह्या मिसळल्या तरी काला अपुराच राहतो.

तेव्हा माउली, यंदा तुमच्या गावी विण्याच्या पहाऱ्यांचा कागद भिंतीला लागेल, त्याशेजारी चुलीच्या पहाऱ्यांचा दुसरा कागद लावा. पहिले नाव स्वतःचे लिहा. आणि त्या दोन तासांत जी माउली मोकळी होईल, तिला मंडपात पुढे जागा करून द्या.