चोरीचे देणे कुणाकडे?

तंजावरच्या कीळवासलसारख्या जुन्या भागातल्या गल्ल्या दुचाक्या डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या नाहीत. घराचा तिण्णै, म्हणजे आपला ओटा, थेट रस्त्याला लागतो. फाटक नाही, अंगण नाही, आणि गाडी आत घ्यायची तर दाराच्या पायऱ्या आडव्या येतात. म्हणून रात्री गाड्या ओट्याला खेटून रस्त्यावरच उभ्या असतात. कुणी हँडल लॉक करून मोकळा होतो, कुणी चाकातून साखळी घालून ती खिडकीच्या गजाला अडकवतो, आणि पहाटे कोलम काढणारी बाई स्टँडला वळसा घालून ठिपके मांडते. अशा गल्लीतून एखादी गाडी गेली की मालकावर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. लॉक केली होती का? दुसरी किल्ली कुठे आहे? रात्रभर बाहेर कशाला ठेवली? शेजारी हेच विचारतात, चौकीत हेच विचारतात, विमा कंपनी हेच लेखी विचारते. तंजावरात हे तमिळमध्ये विचारले जाते, सदाशिव पेठेत मराठीत, एवढाच काय तो फरक. चोर हाती लागेपर्यंत, आणि तो बहुधा लागत नाहीच, आरोपीच्या पिंजऱ्यात गाडीचा मालकच उभा असतो. मला हे धर्माच्या दृष्टीने चुकीचे वाटते. चोराचे पाप चोराकडे, यात वाद नाही. पण चोरीतून एक देणेही उभे राहते, आणि ते ज्याची वस्तू गेली त्याच्या माथी मारण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिला आपल्या परंपरेत आधार नाही. ते देणे रक्षण करणाऱ्यांचे आहे, आणि त्यांत सरकारच्या जोडीला गल्लीही येते.

धर्मशास्त्रकारांनी या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. गौतमाच्या धर्मसूत्रात राजाला सरळ आज्ञा आहे: चोरीचा माल मिळाला तर मालकाला परत कर, न मिळाला तर तुझ्या कोषातून भरून दे. याज्ञवल्क्य पुढे जाऊन सांगतो की राजाने असे भरून दिले नाही तर पाप त्याच्याकडे येते. मग तो गावाकडे वळतो. गावात चोरी झाली आणि चोराचा माग वेशीबाहेर गेल्याचे दाखवता आले नाही, तर दोष गावच्या प्रमुखाचा; वाटेवर झाली तर तिथल्या राखणीवर नेमलेल्या अधिकाऱ्याचा. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य दरबारातला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातला, तेव्हा ही काही दूरदेशीची बात नाही. मनू तर हिशेबच मांडतो: प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजाला तिच्या पुण्याचा सहावा हिस्सा, न करणाऱ्याला पापाचा सहावा. करही सहावा हिस्साच होता, हे लक्षात घेतले म्हणजे या हिशेबातला व्यवहारीपणा कळतो. कर ही राखणीची मजुरी आहे. मजुरी घेतली आणि राखण केली नाही, तर घेणारा देणेकरी होतो. तामिळनाडूत २०२३च्या बदलानंतर एक लाखापर्यंतच्या नव्या दुचाकीवर १० टक्के आजीवन कर आहे, त्यावरच्या गाडीवर १२ टक्के. मनूच्या राजाइतका नसला तरी हा आकडा किरकोळ नाही, आणि तो घेणाऱ्याने गाडी गेल्यावर फक्त एक पावती हातावर ठेवावी, हे शास्त्रकारांना पटले नसते.

हे सारे पोथीतच राहिले असेल, असे कुणी म्हणेल. खुद्द तंजावर त्याला उत्तर देते. १०१०मध्ये पुरे झालेल्या बृहदीश्वराच्या भिंतींवर राजराज चोळाने जे लेख कोरवले, त्यांत देवळाच्या पहारेकऱ्यांची व्यवस्था आहे: कोणकोणत्या गावांनी पहारेकरी पाठवायचे आणि त्यांच्या पोटाला वर्षाचे भात कसे पुरवायचे, हे दगडावर आहे. देवाचे दागिने देवाच्या भरवशावर सोडलेले नव्हते, आणि पुजाऱ्याच्या वैयक्तिक सावधगिरीवरही नव्हते. राखणीचा खर्च वाटून दिलेला होता. पुढे तमिळ मुलुखात ‘कावल’ची पद्धत रुजली. गावचा कावलकार पिकातला ठरलेला वाटा घेई आणि चोरी झाली तर माल शोधून देई किंवा भरून देई. महाराष्ट्रात तेच काम रामोशी, महार, भिल्ल जागले करत. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात हे चांगले टिपले आहे: जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचे, तिथे माग त्या गावाच्या जागल्याच्या स्वाधीन करायचा, आणि माग जिथे थांबेल त्या गावाने ऐपतीप्रमाणे नुकसान सोसायचे. याज्ञवल्क्याचा नियम त्याचे नावही न ऐकलेल्या माणसांच्या पायांनी शतकानुशतके चालत राहिला होता.

यावर पहिला आक्षेप अगदी साहजिक आहे. देणे गावाकडे गेले की मालक बेफिकीर होईल. किल्ली गाडीलाच ठेवून चहाला जाईल आणि वर भरपाई मागेल. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो देण्याच्या वाटणीला लागू पडतो, देण्याच्या मुळाला नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२३मध्ये असेच एक प्रकरण आले होते. ट्रकचा चालक पत्ता विचारायला खाली उतरला, किल्ली आतच राहिली, ट्रक गेला. विमा कंपनीने हात झटकले. न्यायालयाने चालकाची चूक मान्य केली आणि तरीही विम्याच्या रकमेचे ७५ टक्के देववले. हा न्याय मला शास्त्राला धरून वाटतो: निष्काळजीपणाचे माप निष्काळजी माणसाच्या पदरात, बाकीचे देणे जिथल्या तिथे. शिवाय विम्याने प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांनी जुन्या टीव्हीएस एक्सएलवर दुधाचे कॅन किंवा केळीची पाने वाहणाऱ्या माणसाचा विमा उघडून पाहावा. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा चोरीचा एक पैसा देत नाही. ज्याची गाडी सगळ्यात सहज उचलता येते, त्याच्याकडेच बहुधा चोरीचा विमा नसतो.

मुळात कुलूप ही गोष्ट नैतिकदृष्ट्या आपण समजतो तितकी निर्मळ नाही. ते लावू नये असे कोणी म्हणणार नाही. पण कुलूप नेमके काय करते, हे पाहावे. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या-नव्या सगळ्याच मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले. देशभर मोटारचोऱ्या घटल्या. इंग्लंडने १९७१पासून ते फक्त नव्या मोटारींना लावले. नव्या सुरक्षित झाल्या आणि चोर जुन्यांकडे वळले. म्हणजे ज्याला नवी गाडी परवडली त्याची सुरक्षितता काही अंशी ज्याला परवडली नाही त्याच्या खर्चाने आली. गल्लीत हेच घडते. मी डिस्क लॉक, अलार्म आणि जाड साखळी घेतो, तेव्हा चोरी माझ्या ओट्यावरून शेजाऱ्याच्या ओट्यावर सरकवण्याची शक्यता मी विकत घेत असतो. यात पाप आहे असे मी म्हणणार नाही, प्रत्येकाला आपले वाचवण्याचा हक्क आहे. पण याला कर्तव्यपूर्ती म्हणता येत नाही, आणि ज्याने साखळी घेतली नाही त्याला उपदेश करण्याचा अधिकार तर यातून नक्कीच मिळत नाही. सगळ्यांच्या गाड्यांना पुरेल असे जे काही असेल, म्हणजे कोपऱ्यावरचा चालू दिवा, रात्री फेरी घालणारा माणूस, बाहेरच्या गाडीलाही मिळणारी गज रोवलेली सामाईक जागा, ते केले तरच रक्षण झाले.

याच जर्मनीतला दुसरा दाखला मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो मोटारसायकलींचाच आहे आणि तो ज्यांनी घडवला त्यांना चोरीशी काही देणेघेणे नव्हते. १९८०मध्ये तिथे हेल्मेटशिवाय गाडी चालवणाऱ्याला जागेवर दंड सुरू झाला. हेतू अपघातात डोकी वाचवण्याचा. पण पुढच्या सहा वर्षांत मोटारसायकलींच्या चोऱ्या सुमारे एक तृतीयांशावर आल्या. कारण साधे होते: गाडी दिसली, मोह झाला आणि पळवली, असे करणाऱ्याजवळ त्या क्षणी हेल्मेट नसे, आणि बोडक्याने जाणारा लगेच अडवला जाई. तेवढ्याने हे लोक मोटारींकडे वळले, असेही त्या प्रमाणात दिसले नाही. आता इथे धर्मचिंतनाने गंभीरपणे घ्यावा असा मुद्दा आहे. तिरुक्कुरळमध्ये चोरी न करण्यावर एक अख्खा अध्याय आहे, आणि परधनाची नुसती इच्छा मनात आणणे हेही पाप, अशी तिथली कसोटी आहे. योगसूत्रातले अस्तेयही असेच आतले व्रत आहे. या दृष्टीने पाहिले तर चोरी मनात जन्मते आणि बाहेरची व्यवस्था तिला फक्त अडवते किंवा वाट देते. पण एका दंडाच्या पावतीने दोन तृतीयांश चोऱ्या नाहीशा होत असतील, तर त्यांतल्या बहुतेक कुणाच्या पक्क्या दुर्बुद्धीतून आलेल्या नव्हत्या; मोह आणि सोय यांची गाठ पडली म्हणून त्या झाल्या. मोहाचा हिशेब ज्याचा त्याने द्यावा. सोय मात्र अनेकांच्या दुर्लक्षातून तयार होते, आणि तिचा हिशेब त्या अनेकांकडे मागणे रास्त आहे. याने चोराचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही. दोन खाती आहेत; एकातली रक्कम दुसऱ्यातून वजा होत नाही.

सगळ्यात जड आक्षेप इतिहासाचा आहे, आणि त्याला झटकून पुढे जाता येणार नाही. गावाने राखण करायची ही व्यवस्था सुंदर वाटते ती लांबून. प्रत्यक्षात गावाने ते ओझे विशिष्ट जातींच्या खांद्यावर टाकले होते. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावलकारांचे जुने हक्क काढून घेतले, पोलीस स्वतःच्या हाती घेतले, आणि ज्यांची राखण हीच रोजी होती ते उघड्यावर आले. पुढे १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११मध्ये त्याची कक्षा मद्रास इलाख्यापर्यंत वाढली, आणि मदुरैकडच्या कळ्ळरांच्या बोटांचे ठसे जन्माच्या आधारावर घेतले जाऊ लागले. तमिळ देशात कावल बहुतांशी ज्यांच्याकडे होती, त्यांतलाच हा समाज. रामोशी आजही महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. १९५२ साली कायदा गेला, शिक्का पुसायला तेवढे पुरले नाही. राखणदारालाच जन्मजात चोर ठरवण्याचा हा प्रवास पाहिल्यावर कुणी म्हणाले की नको तो सामूहिक पहारा, तर मी त्याला दोष देणार नाही. आजच्या कॉलनीच्या गटावर नवख्या पोराचा फोटो टाकून ‘संशयित’ लिहिणारे त्याच वृत्तीचे वारस आहेत. पण या इतिहासातून निघते ते वेगळेच. बिघडले ते गावाने देणे मान्य केल्यामुळे नव्हे. ते देणे गावाने स्वतः न फेडता मोजक्यांच्या जन्मावर लिहून टाकले, म्हणून. आणि कायद्याने केले ते याज्ञवल्क्याच्या नेमके उलटे: त्याने नुकसान भरून द्यायची जबाबदारी माणसांच्या समूहावर ठेवली होती, कायद्याने गुन्ह्याचा संशय समूहावर ठेवला. भरपाई वाटून घेता येते. संशय वाटला की त्याचा अन्याय होतो.

उरला देवाचा आणि कर्माचा प्रश्न. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तंजावरात घरोघर गाड्या धुऊन त्यांना चंदन-कुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतात, रस्त्यावर कोहळा फोडतात. गावांच्या वेशीवर मातीच्या मोठमोठ्या घोड्यांच्या रांगेत अय्यनार बसलेला असतो, आणि रात्री तो घोड्यावरून शिवारात फेरी घालतो अशी श्रद्धा आहे. मग राखणीची चिंता माणसाने का करावी? शिवाय गाडी गेली ती पूर्वकर्माने, असे म्हणणारेही भेटतात. मला अय्यनारची श्रद्धा यांच्यापेक्षा शहाणी वाटते, कारण तिच्यात देवालाही पहाऱ्यावर उभे केले आहे, तेही वेशीवर, कुणा एकाच्या दारात नव्हे. कर्माचा युक्तिवाद मात्र दुसऱ्याच्या तोंडी शोभत नाही. ज्याची गाडी गेली त्याने मनाचे समाधान म्हणून तो करावा. शेजाऱ्याने केला की ती देणे चुकवायची पळवाट होते. गौतमालाही कर्मविपाक ठाऊक होता, तरी त्याने राजाला कोष उघडायला सांगितलेच.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की गल्लीने दरमहा थोडी वर्गणी काढावी, तीतून दिवा आणि पहारा चालवावा, आणि तरीही कुणाची गाडी गेली तर उपदेशाऐवजी ठरलेला हिस्सा त्याच्या हातात ठेवावा. वर्गणी म्हटली की लगेच वाद होईल तो सभासद कोण यावर: घरमालक येतील, भाडेकरू, मेडिकल कॉलेजची पोरे आणि पार्सल देणारा मुलगा बाहेर राहतील. इथे कौटिल्य कामाला येतो. त्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांचा तांडा गावात मुक्कामाला आला आणि आपल्या मालाची किंमत प्रमुखाला सांगून निजला, तर रात्रीत गेलेला माल गावाच्या प्रमुखाने भरून द्यायचा आहे. तांड्याने तिथे ना कर भरलेला, ना त्याचे तिथे घर. आपल्या हद्दीत वस्तू उभी राहू दिली, एवढ्यानेच गाव बांधले गेले. या नियमाप्रमाणे, इंजिन चालू ठेवून पार्सल घेऊन तिसरा मजला चढलेल्या मुलाची गाडी गेली, तर त्याच्या निष्काळजीपणाचे २५ टक्के कापून घ्यायला गल्ली मोकळी आहे. उरलेल्याचे काय, हे त्या गल्लीने वर्गणीची पहिली पावती फाडण्याआधी ठरवायचे आहे.